आठच्या आत घाट

सिंहगडावर सायकल चढवणाऱ्या कुणालाही विचारा, गोळेवाडीच्या पुढचा चढ जास्त त्रास देतो की मागून हॉर्न मारत येणारी गाडी? मला तरी गाडीच. रविवारी सकाळी नऊनंतर त्या रस्त्यावर सायकल घालणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत मधोमध आडवं झोपण्यासारखं आहे. म्हणून मी आणि माझी भाची गेली दोन वर्षं एक नियम पाळतोय: उजाडायच्या आत घाटाला लागायचं आणि आठच्या आत माथा गाठायचा. आठनंतर घाट गाड्यांचा. आमची काही तक्रार नाही.

यंदा हाच नियम घेऊन मोठी फेरी मारायची ठरली. पुणे, भोर, वरंध घाट, महाड, आंबेनळी घाट, महाबळेश्वर, पसरणी घाटानं खाली वाई आणि परत. चार दिवस. मार्चचा तिसरा आठवडा, आणि तोही मंगळवार ते शुक्रवार. शनिवार-रविवार मुद्दाम टाळले. फाल्गुनात सह्याद्रीचे डोंगर वाळून तपकिरी होतात आणि त्यातच पळस, पांगारा पेटलेले असतात. थंडी गेलेली, वळवाला अवकाश. पावसाळ्यात हे घाट दरडींमुळे अनेकदा बंदच असतात, तेव्हा सायकलला हेच दिवस बरे.

भाची तेवीस वर्षांची, तिच्या सायकलला डिस्क ब्रेक. मी पन्नास ओलांडलेला, माझे ब्रेक जुने रबराचे. हा फरक पुढे महागात पडला.

दिवस पहिला: पुणे ते हिर्डोशीच्या अलीकडे

सहकारनगरातून पावणेपाचला निघालो. कात्रजचा नवा बोगदा सायकलसाठी नको, जुना घाट धरावा. जुन्या बोगद्याच्या तोंडाशी पोचलो तेव्हा मागे सगळं पुणं दिव्यांचं. बोगद्यात फक्त आमच्या चेनचा आवाज. एरवी इथे पीएमपी, टेम्पो आणि दुचाकींची इतकी खेचाखेच असते, की या भिंतींना पाझर फुटलेला आहे हे मला इतक्या वर्षांत कळलंच नव्हतं. थेंब पडत होते आणि प्रत्येक थेंबाचा आवाज वेगळा ऐकू येत होता.

पुढे कापूरहोळपर्यंत हायवे. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मागचा लाल दिवा दिवसाही लुकलुकता ठेवा आणि डावीकडची पांढरी रेघ सोडू नका, इतकंच. कापूरहोळला उजवीकडे वळलो की जीव भांड्यात पडतो. भोरच्या अलीकडे नीरा नदी गळ्यातल्या हारासारखी वळते. लोक त्याला नेकलेस पॉइंट म्हणतात. आम्ही पोचलो तेव्हा तिथे एक लग्नाआधीचं फोटोशूट चालू होतं. नवरदेव उन्हात कोट घालून उभा. आमच्याकडे बघून तो म्हणाला, "काका, तुमचं बरंय."

भोरला मिसळ खाल्ली, राजवाड्याच्या सावलीत तासभर आडवे झालो आणि तिथेच चूक केली. अकराला निघालो. नीरा देवघर धरणाच्या कडेनं जाणारा रस्ता सुंदर आहे, पण मार्चमधल्या दुपारी एकाला नाही. पाणी उतरलेलं, काठावर भेगाळलेला गाळ, डांबरातून वाफा. प्रत्येकी तीन बाटल्या होत्या, त्या निगुडघरच्या पुढे संपल्या. एका वस्तीवर पाणी मागितलं. ओटीवर बसलेल्या आजींनी तांब्या भरून दिला, गुळाचा खडा ठेवला आणि बराच वेळ आमच्याकडे बघून विचारलं, "पुण्यास्नं? सायकलवं? गाडी बिघाडली का काय?"

"नाही आजी, हौस म्हणून."

"हौस," त्या म्हणाल्या आणि घरातल्या सुनेला हाक मारली, "अगं, ह्ये बघ, हौसेनं आल्यात!"

त्या रात्री हिर्डोशीच्या अलीकडे एका ओळखीतल्या घरी उतरलो. पिठलं, बाजरीची भाकरी, लसणाची चटणी आणि घरच्या तांदळाचा भात. भोर तालुका भाताचा, त्यामुळे भाकरी खाऊन झाल्यावरही "भात तर घ्याच" हे टळत नाही. टाळूही नये.

*निघण्याआधी:* भोर सोडलं की पंक्चरवाला मिळेल या भरवशावर राहू नका. दोन ट्यूब, पंप, चेनचा जोड, टायर लिव्हर सोबत हवेत. निगुडघरच्या पुढे मोबाइलची रेंज येते-जाते. नकाशा आधीच उतरवून घ्या. रोख पैसे ठेवा.

दिवस दुसरा: वरंध घाट आणि महाड

पहाटे साडेचारला निघालो. रंगपंचमीचा दिवस, म्हणजे वद्य पंचमी. चंद्र मावळतीकडे कललेला पण चांगला मोठा. समोरचा दिवा दहा मिनिटांनी बंद केला. चांदण्यात रस्ता दिसत होता, कडेच्या झाडांच्या सावल्या काळ्याभोर पडल्या होत्या.

मग भाचीनं एकदम ब्रेक दाबला. "मामा, रस्त्यावर डोळा आहे."

दिवा लावला. पंधरा-वीस फुटांवर डांबरावर एक लालभडक ठिपका. त्याच्या मागे काहीच दिसेना. पाय न वाजवता चार पावलं गेलो तेव्हा वाळक्या पाचोळ्याचा ढीग दिसला, आणि त्या ढिगाला डोळा होता. रातवा. दिवसभर तापलेल्या डांबराची ऊब घेत हा पक्षी रात्री रस्त्यावर बसतो. अगदी जवळ गेल्यावर तो उठला, पण आवाज अजिबात नाही. कापसाचा बोळा उचलावा तसा गेला आणि दहा फुटांवर पुन्हा बसला. माथ्यापर्यंत असे सात मोजले. पुढे पुढे वाटायला लागलं, की तेच दोघं-तिघं आम्हाला घाट दाखवत नेतायत. गाड्या सुरू झाल्यावर यांचं काय होतं तेही दिसलं. एका वळणावर चपटी झालेली पिसं होती.

भोरच्या बाजूनं वरंधचा चढ दमवणारा नाही. लांबट आहे, पण पोटऱ्यांना समजुतीनं घेतो. काही ठिकाणी रस्त्याचं काम चालू होतं, खडी पसरलेली. तिथे उतरून चालत गेलो. सव्वासहाला झुंजूमुंजू झालं. रानकोंबड्यानं आधी हाक दिली, मग खाली कुठेतरी तांबट पक्ष्याचं टुक-टुक सुरू झालं, ते थांबेचना. उजाडल्यावर पहिला रंग दिसला तो लाल, आणि मला वाटलं पळस. तो कुसुम होता. या दिवसांत कुसुमाला नवी पानं येतात ती पोपटी नसून तांबडीलाल असतात. मागून ऊन आलं की सगळं झाड काचेचं वाटतं. पळस खाली होताच, पण यंदा मान कुसुमाचा. करवंदीच्या जाळ्यांना पांढरी फुलं लागलेली, वास जाईसारखा. मध्येच एक अख्खा उतार वणव्यानं काळा झालेला. तिथे मात्र राखेचा वास आणि एकही पक्षी नाही.

सात वाजून दहा मिनिटांनी वाघजाईच्या देवळाशी पोचलो. नियम पाळला! त्या तीन तासांत आम्हाला एक दुधाची गाडी आणि एक एसटी भेटली. एसटीच्या चालकानं आमच्याजवळ येऊन वेग कमी केला, हॉर्न न वाजवता हात केला. हे पुण्यात सांगितलं तर खोटं वाटेल.

देवळाजवळच्या टपऱ्या अजून ताडपत्रीखाली होत्या. एका टपरीवाल्यानं डोळे चोळत स्टोव्ह पेटवला. माकडं आधीच हजर. भाचीच्या पुढच्या पिशवीतून केळी गेली, पिशवीची चेन व्यवस्थित उघडून. इथे उभं राहिलं की दोन्हीकडे बघता येतं. पूर्वेला पडलेलं पाणी नीरेला मिळून भीमा-कृष्णेमार्गे बंगालच्या उपसागरात जातं आणि पश्चिमेचं सावित्रीतून अरबी समुद्रात. चहावाल्यानं कोकणच्या बाजूला बोट करून सांगितलं, "ती खालची बाजू तळियेची." पुढे तो काही बोलला नाही. २०२१ च्या जुलैमध्ये दरडीखाली गेलेलं तळिये. आम्हीही चहा संपेपर्यंत गप्प होतो.

उतार माझा वाईट गेला. कोकणच्या बाजूला वरंध एकदम कोसळतो. तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर रबर जळल्याचा वास आला. थांबलो, रिमला बोट लावलं आणि लगेच काढलं. भाची खाली कुठल्याकुठे गेलेली. मी दर दोन-अडीच किलोमीटरला थांबत, रिम निवेपर्यंत करवंदीची फुलं बघत उतरलो. रिमवर पाणी ओतायचा मोह होतो, तो आवरा. आपोआप निवू द्या. आणि दोन्ही ब्रेक सतत दाबून धरण्यापेक्षा सोडून-धरून आळीपाळीनं वापरा. हे मला एका ट्रकवाल्यानं सांगितलं. त्याचीही गाडी तशीच निवत उभी होती.

बिरवाडीला पोरांनी रस्ता अडवला. पिचकाऱ्या, बादल्या, शिमग्याची पोस्त. दहा रुपये दिले तरी हिरवा रंग बसलाच.

महाडला पोचलो अकराला आणि मग कळलं आपण काय विसरलोय. तारीख १९ मार्च. दुसऱ्या दिवशी २० मार्च, चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा दिवस. लॉज भरलेले, धर्मशाळा भरलेल्या, रस्त्यात निळे झेंडे, बसगाड्यांवर मराठवाड्याच्या, विदर्भाच्या गावांची नावं. ही आमची शुद्ध बेपर्वाई. मराठी माणसानं मार्चमध्ये महाडला जाताना तारीख न बघणं म्हणजे आषाढीला पंढरपुरात खोली शोधण्यासारखं. पाचव्या लॉजच्या मालकांनी आमचे हिरवे चेहरे बघितले आणि म्हणाले, "खोली नाही. गच्ची आहे. चटई देतो." जिन्यात भिंतीवर माझ्या खांद्याच्या वर एक रेघ होती. "२०२१ च्या पुराचं पाणी. रंग दिला, पण रेघ ठेवली."

दुपारी खानावळीत तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, बोंबील आणि सोलकढी. रात्रीपर्यंत भूक लागली नाही.

संध्याकाळी तळ्यावर गेलो. गर्दी होती, तरी ढकलाढकल नव्हती. पायऱ्यांवर परभणीकडून आलेल्या एक बाई बसल्या होत्या, सत्तरीच्या पुढच्या, पांढरं लुगडं. ट्रकमधून रात्रभर प्रवास करून आलेल्या. भाची त्यांच्याशेजारी टेकली.

"सायकलीवर आलीस? पुण्याहून?"

"हो. पहाटे लवकर निघतो. गाड्या यायच्या आत. तेव्हा रस्ता मोकळा असतो."

त्या हसल्या. "मोकळा असतो व्हय. हे तळंबी मोकळंच होतं म्हनं, कागदावर."

खरंच होतं. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा समाजसुधारक सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये मंजूर झाला, महाड नगरपालिकेनं १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठरावही केला. पण पाण्याला हात लावायला २० मार्च १९२७ उजाडावं लागलं, आणि त्यानंतरही कोर्टात दहा वर्षं गेली. उच्च न्यायालयाचा निकाल लागला १९३७ मध्ये. शाळेत हे तीन ओळींत शिकलो होतो. त्या बाईंनी आम्हाला त्यांच्या डब्यातली धपाटी दिली आणि "उद्या थांबा की" म्हणाल्या. आम्ही नाही थांबलो. पहाटे गर्दीच्या आत निघायचं होतं. ते चुकलंच, असं मला आता वाटतं.

दिवस तिसरा: आंबेनळी

गच्चीवर डासांनी झोपू दिलं नाही, त्यामुळे साडेतीनला निघणं सोपं गेलं. पोलादपूरपर्यंत महामार्ग, अठरा-एक किलोमीटर. तिथून डावीकडे वळायचं. उमरठ, तानाजी मालुसऱ्यांचं गाव, याच पोलादपूर तालुक्यात. पुण्याचा प्रत्येक सायकलवाला सिंहगडावर शिकतो, तेव्हा मनातल्या मनात हात जोडले.

पोलादपूर ते महाबळेश्वर चाळीस किलोमीटर. जवळपास समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरपर्यंत. म्हणजे आठच्या आत माथा हे गणित इथे बसणारच नव्हतं आणि आम्ही ते कबूल केलं नव्हतं. आंबेनळीचा चढ वरंधसारखा समजूतदारही नाही. तो तापट नाही, चिवट आहे. वळण संपतं, पुढे तसंच वळण. दमटपणा इतका की हेल्मेटच्या पट्ट्यातून घाम टपकत होता. भाची पुढे जायची, वळणावर थांबायची, मी दिसलो की लगेच निघायची. म्हणजे विश्रांती फक्त तिला. हे मी तिला सविस्तर सांगितलं.

आठ वाजता आम्ही प्रतापगडाच्या फाट्यालाही पोचलो नव्हतो. पण रान अजून आमचं होतं. एका ओढ्याच्या वळणावर हळद्या इतका जवळ बसला होता की त्याची चोच गुलाबी असते हे पहिल्यांदा नीट पाहिलं. पावणेनऊला फाट्यावर पिठलं-भाकरी खाल्ली. नऊला महाबळेश्वरहून पहिली टॅक्सी आली, मग दुसरी, मग त्यांचा तांडाच. प्रतापगड बघायला निघालेले पर्यटक. त्यानंतरचे तीन तास आम्ही डांबराच्या काठावर, कधी काठाच्या बाहेर. एका गाडीतून कुणीतरी "कम ऑन अंकल!" ओरडलं. मी अंकल आहे हे मान्य. कम ऑनची गरज नव्हती.

वर हवा बदलली तशी झाडंही बदलली. जांभूळ, हिरडा, आणि मध्येच अंजनी निळी-जांभळी फुललेली, फांदीलाच फुलं चिकटवल्यासारखी. साडेबाराला महाबळेश्वर. स्ट्रॉबेरी हंगामाच्या शेवटाची. या दिवसांत फळ लहान असतं पण गोडी जास्त, आणि भावही उतरलेला. रस्त्याकडेला टोपलीतून घ्या. क्रीम घातलेल्या पेल्याचे पैसे पेल्याचेच असतात.

दुपारी क्षेत्र महाबळेश्वरला गेलो. पंचगंगेच्या देवळात गोमुखातून पाणी पडतं. कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री. भाची गोमुखाखाली हात धरून म्हणाली, "म्हणजे काल आपण हिच्याच काठी झोपलो?" काल महाडला सावित्री, आज तिचं उगमस्थान. आणि मधले साडेतेराशे मीटर माझ्या गुडघ्यात.

*आंबेनळीसाठी:* एका दिवसात आठच्या आत माथा हवा असेल तर पोलादपूरला मुक्काम करा आणि तीनला निघा. नाहीतर उलट करा, महाबळेश्वरहून पहाटे उतरा, पण मग ब्रेक माझ्यासारखे नकोत.

दिवस चौथा: पसरणी, मांढरदेवी, घर

साडेपाचला महाबळेश्वर सोडलं. थंडी इतकी की पाचगणीपर्यंत बोटं गिअर बदलेनात. पायमोजे हातात घातले, दिसायला वाईट, पण उपाय उत्तम. पाचगणी झोपलेली. पसरणी घाटाच्या तोंडाशी सूर्य वर आला आणि खाली धोम धरणाचं पाणी चकाकलं. वाईपर्यंत एक पेपरवाला आणि दोन पळणारी मुलं, बस्स. साडेसातला कृष्णेच्या घाटावर ढोल्या गणपतीसमोर बसून पोहे खाल्ले. चारही दिवसांतला हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात लवकर संपलेला घाट.

वाईहून पुण्याला सरळ हायवेनं आलं तर खंबाटकीचा बोगदा लागतो. सायकलनं त्यात शिरायचं माझं धाडस नाही. म्हणून मांढरदेवीवरून भोर. पण नियम मोडून, नऊ वाजता, आणि शुक्रवारी, म्हणजे मांढरदेवीच्या काळूबाईच्या वारादिवशी. जीपा, टेम्पो, हलगी, गुलाल. चढ आंबेनळीपेक्षा कितीतरी लहान, पण मला तोच मोठा वाटला. मात्र एका टेम्पोतल्या बायकांनी दोन बाटल्या पाणी आणि नारळाचा तुकडा दिला, तेव्हा सगळ्या गाड्यांवर राग धरणं अवघड झालं.

भोरच्या अलीकडे भाचीच्या मागच्या चाकाचा आरा तुटला. ट्यूब होत्या, आरे नव्हते. बाजारातल्या जुन्या सायकल दुकानातल्या काकांनी डिस्कचं चाक उलटसुलट फिरवून पाहिलं, "हे आमच्या काळात नव्हतं" म्हणाले, आणि तरी दुसऱ्या मापाचा आरा कापून, टोकाला आटे पाडून बसवला. चाळीस मिनिटं लागली. पैसे विचारले तर म्हणाले, "तीस द्या. आणि कात्रजच्या उताराला जपून, थोडं लचकतंय."

थोडं लचकत, ऊन उतरेपर्यंत थांबत, संध्याकाळी साडेसहाला जुना बोगदा. थेंब आता ऐकू येत नव्हते. बाहेर आलो तर उतारभर लाल दिव्यांची रांग. ताईचा, म्हणजे भाचीच्या आईचा फोन आला.

"कुठवर आलात?"

"कात्रज," भाची म्हणाली.

"मग आलातच की. वरण-भात लावते."

घरी पोचलो आठ वाजून पाच मिनिटांनी. कुकर गार झाला होता.